एजंट मोठा की टीम?

सॅलरी कॅप झाली, आज एजंट.

जानेवारी २०१९. अँथनी डेव्हिस न्यू ऑर्लीन्स पेलिकन्सकडे, करारातला दीड सीझन शिल्लक. त्याचा एजंट रिच पॉल टीमला सांगतो, हा पुढे सही करणार नाही, ट्रेड करा. मागणी जाहीर केली म्हणून एनबीएने डेव्हिसला ५०,००० डॉलर दंड ठोकला. त्याच्या पगारापुढे चहापाणीच ते!

आता गंमत बघा. पेलिकन्स त्याला पाच वर्षांचे जवळपास २४ कोटी डॉलर देऊ शकत होते, दुसऱ्या कुठल्याच टीमला इतके देता आले नसते. खेळाडूने मूळ टीम सोडू नये म्हणून नियमच तसा. मग एजंटच्या हातात काय? फक्त वेळ. करार संपून खेळाडू गेला, तर टीमला बदल्यात काहीच मिळत नाही. मीसुद्धा नोकरी बदलताना असंच ताणून बघितलं होतं. एचआर हसली. माझ्या जागी दुसरा मिळतो हो, डेव्हिसच्या जागी कुठून आणणार?

पेलिकन्सने फेब्रुवारीची ट्रेड डेडलाइन तशीच जाऊ दिली. बोस्टनलाही डेव्हिस हवा होता. पॉलने उघड सांगून टाकलं, तिकडे गेला तरी वर्षभरच टिकेल. उरले लेकर्स. तिथला लेब्रॉन जेम्स पॉलचाच क्लायंट, बरं का. उन्हाळ्यात डील झालं: लोंझो बॉल, ब्रँडन इन्ग्रम, जॉश हार्ट आणि फर्स्ट राउंडचे तीन पिक्स. थांबले म्हणून पेलिकन्सला भाव चांगला मिळाला असं मला वाटतं. शहर मात्र पॉलनेच निवडलं. २०२० मध्ये लेकर्स चॅम्पियन.