भागीदाराची मय्यत आणि मागे राहिलेली वही

भागीदाराचे दफन होते, तीन दिवस लोक येऊन बसतात. चौथ्या दिवशी दुकान उघडले की शेजारची रिकामी गादी पाहून घसा दाटतो. व्यापारी बंधूंनो, खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. मरहूमने जबानी घातलेली रक्कम, वहीत न चढलेला माल, कारागिराला दिलेला शब्द हे आता एकट्या तुम्हालाच ठाऊक असते. विचारणारा कोणी उरत नाही.

सूरह निसाच्या ११ व १२ या आयतींत वारसांचे हिस्से सांगताना वसीयत आणि कर्ज आधी चुकते करण्याची अट चार वेळा आली आहे. देशाचा कायदाही हेच बजावतो. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. हिशेब न मिटवता तिच्याच मालमत्तेवर धंदा चालू ठेवला, तर कलम ३७ अन्वये वारस नफ्यातील वाटा किंवा सालीना ६ टक्के व्याज मागू शकतात. व्याज नको असणाऱ्यांना नफ्याचा पर्याय मोकळा आहे.

म्हणून शिल्लक माल, येणे आणि देणे यांची यादी दोन साक्षीदारांसमोर करा. बेवा इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात असते. ती विचारायला येईल याची वाट पाहू नका, हिशेब तिच्या घरी पोहोचवा. न लिहिलेली रक्कमही त्यात मांडा. मित्रासाठी रडलो, हे तेव्हाच खरे.

आणि स्वतःचे जबानी व्यवहार आजच कागदावर आणा. उद्या आपली वही दुसऱ्याच्या हाती असेल.