आकाशातली पंगत

१२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातून एक अग्निबाण आकाशात झेपावला. त्यात अमेरिकन सरकारचा एक मोठा उपग्रह होता. त्याच्याच सोबतीने एक लहानशी पेटीही वर निघाली होती. तिचे वजन होते जेमतेम साडेचार किलोग्रॅम. ही पेटी सरकारने बनवली नव्हती की कोणा कंपनीनेही नव्हे. रेडिओचा छंद असलेल्या काही हौशी मंडळींनी फावल्या वेळात ती तयार केली होती. तिचे नाव ‘ऑस्कर-१’. कक्षेत पोचताच ही पेटी मोर्सच्या संकेतात एकच शब्द पुन्हा पुन्हा पाठवू लागली. चार टिंबे, मग दोन टिंबे. याचा अर्थ ‘हाय’! सुमारे तीन आठवडे, बॅटरी संपेपर्यंत, ती जगाला नमस्कार करीत राहिली आणि २८ देशांतल्या हौशी लोकांनी तो ऐकला.

या हौशी लोकांना ‘हॅम’ म्हणतात. परीक्षा देऊन, सरकारचा परवाना घेऊन ते रेडिओवरून एकमेकांशी बोलतात. यात पैसा मिळवायचा नसतो. प्रत्येकाला एक सांकेतिक नाव मिळते. आपल्याकडील बहुतेक हॅमच्या नावाची सुरुवात ‘व्हीयू’ या अक्षरांनी होते. ऑस्कर-१ नंतर या मंडळींनी आणखी अनेक उपग्रह बनवले. आता तुम्ही विचाराल, उपग्रहावरून बोलण्यात सभ्यपणाचा काय संबंध? यंत्राला शिष्टाचार थोडाच कळतो? तेच आज आपण पाहणार आहोत. तिथले शिष्टाचार कोणाच्या लहरीतून आलेले नाहीत, ते सरळ विज्ञानातून आलेले आहेत.

एका वॉटचे धन

आपल्या देशाचेच उदाहरण घेऊ. ५ मे २००५ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून ‘कार्टोसॅट-१’ बरोबर ‘हॅमसॅट’ नावाचा ४२.५ किलोग्रॅमचा उपग्रह सोडला. त्यात दोन ट्रान्स्पाँडर होते. एक भारतात तयार झालेला, तर दुसरा नेदरलँड्समधल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने बनवलेला. ट्रान्स्पाँडर म्हणजे काय? जमिनीवरून आलेली क्षीण रेडिओलहरी पकडायची, तिची कंप्रता बदलायची, तिला बळ द्यायचे आणि पुन्हा जमिनीकडे पाठवायची, हे काम करणारे यंत्र. कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने. हॅमसॅटकडे बोलायचे ते ४३५ मेगॅहर्ट्‌झच्या आसपास आणि त्याचे ऐकायचे ते १४५ मेगॅहर्ट्‌झच्या आसपास.

हा उपग्रह सुमारे ६२० किलोमीटर उंचीवरून फिरत होता. इतक्या उंचीवरून पृथ्वीचा केवढा तरी भाग एकदम दिसतो. उपग्रह नागपूरच्या डोक्यावर असला, तर मस्कत आणि बँकॉक ही दोन्ही शहरे एकाच वेळी त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येतात. म्हणजे या साऱ्या प्रदेशातले हॅम त्याच क्षणी तोच उपग्रह वापरू शकतात. आणि वेळ किती? उपग्रह क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत जास्तीत जास्त बारा-तेरा मिनिटे!

आता उपग्रहाची ताकद बघा. हॅमसॅटचा भारतीय ट्रान्स्पाँडर जमिनीकडे एकूण एक वॉट शक्तीच्या लहरी पाठवत असे. एक वॉट म्हणजे साधारण विजेरीतल्या लहान बल्बाला लागेल इतकी शक्ती. त्यातच सगळ्यांचे भागवायचे.

लग्नातली पंगत आठवा. वाढप्याच्या हातात श्रीखंडाचे एकच पातेले आहे. दहा जण बसले आहेत. प्रत्येकाने बेताने घेतले तर सगळ्यांना पुरते. पण एकानेच अर्ध्याहून अधिक पातेले ताटात ओतून घेतले तर? ट्रान्स्पाँडरचे अगदी तसेच असते. समजा, दहा हॅम सारख्याच ताकदीने बोलत आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला वॉटचा दहावा हिस्सा, म्हणजे १०० मिलिवॉट येतात. तेवढ्यात अकरावा येतो. त्याचा आवाज उपग्रहापाशी इतरांच्या शंभरपट जोरदार पोचतो. आता हिशेब करा. दहा जणांचे दहा हिस्से आणि याचे शंभर, मिळून ११० हिस्से झाले. उपग्रहाची एकूण शक्ती काही वाढत नाही. त्यामुळे या एकट्याला सुमारे ९१० मिलिवॉट मिळतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला प्रत्येकी फक्त नऊ! त्यांचे आवाज खरखरीत बुडून जातात. बिचाऱ्यांना वाटते की आपलेच यंत्र बिघडले.

गंमत म्हणजे, त्या अकराव्याला एवढ्या ताकदीची गरजच नसते. १०० मिलिवॉटमध्येही त्याचे बोलणे समजलेच असते.

म्हणून पहिला शिष्टाचार असा: ऐकू जाण्यापुरतीच शक्ती वापरा. हे ओळखायचे कसे? अशा बऱ्याच उपग्रहांवर ‘बीकन’ नावाची एक खुणेची लहर सतत चालू असते. आपला परत आलेला आवाज त्या खुणेपेक्षा मोठा वाटला, तर आपण पंगतीत जास्त वाढून घेतले आहे असे समजावे आणि ट्रान्समीटरची शक्ती कमी करावी.

बॅटरी नसलेला म्हातारा

अशाच एका उपग्रहाची हकीकत मोठी नवलाची आहे. ‘ऑस्कर-७’ हा १५ नोव्हेंबर १९७४ रोजी आकाशात गेला. १९८१ मध्ये त्याच्या बॅटऱ्या बिघडल्या आणि तो मुका झाला. सगळ्यांनी त्याची आशा सोडली. पण २१ जून २००२ रोजी तो अचानक पुन्हा बोलू लागला! बिघडलेल्या बॅटरीमुळे विजेला आखूड, चुकीची वाट मिळाली होती. ती वाट इतक्या वर्षांनी तुटली. मग सौरपत्र्यांची वीज थेट यंत्रांना मिळू लागली. तेव्हापासून ऊन असेल तोवर तो जागा असतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच झोपी जातो. २०२४ साली त्याला आकाशात जाऊन पन्नास वर्षे झाली.

पण त्याच्या पाठीशी बॅटरीचा साठा नाही. कोणी भरमसाट ताकदीने त्याला हाक मारली की विजेचा पुरवठा डळमळतो आणि त्यावरून चाललेले सर्वांचेच आवाज थरथरू लागतात. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना जसे आपण हळुवार बोलतो, तसेच याच्याशीही वागावे लागते.

एकच नळ, लांब रांग

आतापर्यंत पाहिले ते उपग्रह एका वेळी अनेक संभाषणे वाहून नेणारे होते. दुसऱ्या प्रकारच्या उपग्रहांत एकच वाट असते. २० डिसेंबर २००२ रोजी सोडलेला सौदी अरेबियाचा ‘एसओ-५०’ हा त्यातलाच. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरही २०२० साली असेच एक यंत्र सुरू करण्यात आले. हे ‘एफएम’ पद्धतीने चालतात. एफएम रिसीव्हरचा एक स्वभाव असतो. दोन लहरी एकदम आल्या की तो जोरदार लहर धरतो आणि दुसरी सोडून देतो. दोन्ही सारख्याच असल्या तर नुसता कर्कश आवाज निघतो आणि कोणाचेच काही कळत नाही.

म्हणजे इथे पंगत नाही, चाळीतला एकच नळ आहे आणि पाणी बाराच मिनिटे येणार आहे! अशा वेळी कोणी पिंप भरायला लावले तर मागच्यांनी काय करावे? म्हणून या उपग्रहांवर बोलणे अगदी थोडक्यात असते. आपले सांकेतिक नाव, समोरच्याचे नाव आणि आपण कोठून बोलतो ते ठिकाण. झाले! ठिकाण सांगायचीही सोपी युक्ती आहे. साऱ्या पृथ्वीचे दोन रेखांश रुंद व एक अक्षांश उंच असे चौकोन पाडले असून प्रत्येकाला खूण दिलेली आहे. पुणे ‘एमके६८’ मध्ये येते, तर नागपूर ‘एमएल९१’ मध्ये. चार चिन्हांत काम भागते. हवापाण्याच्या गप्पा दुसऱ्या कोणत्या तरी लहरीवर, सवडीने.

आणि रांगेत एखादा नवखा असेल, किंवा हातातल्या लहानशा एरिअलवर कसेबसे बोलणारा कोणी असेल, तर जुन्या जाणत्यांनी गप्प राहून त्याला वाट द्यायची असते. रोज बोलणाऱ्याचे एक दिवस न बोलण्याने काही बिघडत नाही. नवख्याचा मात्र तो पहिलाच उपग्रह असतो.

सरकणारा आवाज

शिटी वाजवीत येणारी आगगाडी आपल्याजवळून पुढे गेली की शिटीचा स्वर एकदम उतरतो. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. उपग्रह तर सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. त्यामुळे त्याच्या लहरींची कंप्रताही बदलते. १४५ मेगॅहर्ट्‌झवर हा फरक येताना तीन किलोहर्ट्‌झपर्यंत वर आणि जाताना तेवढाच खाली असतो; ४३५ मेगॅहर्ट्‌झवर तो सुमारे दहा किलोहर्ट्‌झ असतो.

आता लक्षात घ्या, एका संभाषणाला जागा लागते सुमारे तीन किलोहर्ट्‌झ, आणि हॅमसॅटचा सगळा पट्टा होता ६० किलोहर्ट्‌झचा. दोघे बोलत असताना प्रत्येक जण दुसऱ्याला गाठण्यासाठी आपली कंप्रता हलवू लागला, तर ती जोडी सरकत सरकत शेजाऱ्यांच्या संभाषणात जाऊन धडकते. शेजारी बिचारे आपल्या जागीच असतात! म्हणून संगणकाच्या मदतीने कंप्रता अशी बदलत राहतात की उपग्रहापाशी ती स्थिर राहावी. आपली जागा सांभाळणे हाही शिष्टाचारच.

आधी कान, मग तोंड

या सगळ्याचे सार एका नियमात येते. उपग्रह ऐकू येत नसेल तर बोलू नका. वर जाणारी व खाली येणारी लहर वेगवेगळ्या कंप्रतेच्या असल्यामुळे, कानाला हेडफोन लावला की बोलता बोलता आपलाच आवाज उपग्रहावरून परत आलेला ऐकता येतो. आपण कोणाच्या बोलण्यात शिरलो आहोत का, आवाज फार मोठा आहे का, हे लगेच समजते. ज्याला ऐकू येत नाही तो मात्र ‘हॅलो, हॅलो’ करीत शक्ती वाढवतच जातो. सगळ्या टापूला त्याचा आवाज ऐकू जातो, फक्त त्यालाच कोणाचा येत नाही! अशा माणसाला हॅम लोक गमतीने ‘मगर’ म्हणतात. तोंड मोठे आणि कान लहान.

तुम्ही म्हणाल, अशा माणसाला उपग्रहावरून काढून का टाकत नाहीत? परवान्याचे कायदे आहेत, पण साध्या ट्रान्स्पाँडरला माणसे ओळखता येत नाहीत. जमिनीवरचे नियंत्रक तो सगळ्यांसाठी बंद करू शकतात. नेमक्या एकालाच वगळण्याची सोय त्यात नसते. म्हणून इथे प्रत्येकाला स्वतःच स्वतःचा पोलीस व्हावे लागते. दुसऱ्याची चूक दिसली तर तीही सर्वांसमोर रेडिओवर काढायची नाही. नंतर पत्राने किंवा फोनवर, समजावून सांगायची. १९२८ साली अमेरिकेतील पॉल सेगल यांनी हॅमसाठी आचारसंहिता लिहिली. तिच्यात हॅमने आपल्या वागण्याने दुसऱ्याचा आनंद हिरावून घेऊ नये, याला मोठे स्थान आहे.

ही सवय नुसत्या खेळापुरती नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबार बेटांना तडाखा दिला. तेव्हा मुख्य भूमीवरून आलेले काही हॅम पोर्ट ब्लेअरमध्येच होते. त्यांनी आपले छंदाचे काम थांबवले आणि बेटावरच्या लोकांचे निरोप नातेवाइकांपर्यंत पोचवायला सुरुवात केली. अशा वेळी एखादा क्षीण आवाज मदत मागत असतो. बाकीच्यांना गप्प राहून ऐकण्याची सवय असेल तरच तो ऐकू येतो. हॅमसॅट सोडताना संकटकाळातला उपयोग हाही एक हेतू सांगितला होता. नऊ वर्षांहून अधिक काळ सेवा करून जुलै २०१४ मध्ये, बॅटरी निकामी झाल्यावर, तो थांबला.

करून पाहा

परवान्याशिवाय ट्रान्समीटर चालवायचा नाही, हे लक्षात ठेवा. पण हा प्रयोग वर्गात करता येईल. मुलांच्या सहा जोड्या करा. प्रत्येक जोडीतला एक जण वर्गाच्या या भिंतीशी, दुसरा समोरच्या भिंतीशी उभा राहील. प्रत्येकाला पाच अंकी संख्या लिहिलेल्या चिठ्ठ्या द्या. दोन मिनिटांत त्या पलीकडे बोलून कळवायच्या. पहिल्या वेळी सगळ्यांनी एकदम, हवे तेवढे ओरडून सांगा. दुसऱ्या वेळी आधी ऐका, मोकळी जागा मिळाली की थोडक्यात सांगा आणि गप्प व्हा. दोन्ही वेळा एकूण किती संख्या बरोबर पोचल्या ते फळ्यावर मांडा. तो तक्ता नीट पाहा, म्हणजे उपग्रहाचे शिष्टाचार तुम्हाला पाठ करावे लागणार नाहीत.