पत्र घरी येते, की आपण पारावर जातो?

शिरूरला माझ्या आतेभावाचे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. तहसील कचेरीचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, अधूनमधून लग्नपत्रिका, असा त्याचा व्यवसाय. मागे त्याने खर्च वाचवण्यासाठी जुन्या संगणकावर फुकटचे लिनक्स बसवले, आणि पहिल्याच नोटिशीत घोटाळा झाला. 'शेतकऱ्यांना' ऐवजी 'शेतकर्यांना' उमटू लागले. आडवा, पापणीसारखा अर्धा र काही केल्या येईना. आता शिरूर तालुक्यात शेतकऱ्यांवाचून कोणती नोटीस निघते, सांगा!

त्याने मोबाइलवरच्या व्यावसायिकांच्या ग्रुपवर विचारले. दोघातिघांनी अंगठा दाखवला, एकाने सांगितले, 'फोन कर.' संध्याकाळपर्यंत सुप्रभात, वाढदिवस आणि कांद्याच्या बाजारभावाखाली प्रश्न गडप झाला.

उत्तर सापडले दौंडला. तिथे रेल्वेत असलेल्या माझ्या भाच्याला या लिनक्सचा नाद आहे. त्याने रात्रपाळीच्या सुट्टीत शोधून फोन केला, "मामा, अकरा वर्षांपूर्वीचे एक पत्र सापडले. साधा र टाइप करायचा नाही. खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग पाय मोडायचा, मग य."

हे पत्र कुठले? वाचकहो, गंमत तिथेच आहे.

लिनक्ससारखी ओपन सोर्स सॉफ्टवेअर एका कंपनीच्या इमारतीत तयार होत नाहीत. त्यांचे आतले लेखन सर्वांना उघडे असते. कोणीही वाचावे, सुधारावे. ही मंडळी एकमेकांना भेटत नाहीत, मग बोलतात कशी? २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवरच्या एका चर्चागटात कळवले, की आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत आहोत. त्यातून लिनक्स उभे राहिले, आणि त्याच्या गाभ्यातले बदल आजही ई-मेलनेच सुचवले जातात. याला मेलिंग लिस्ट म्हणतात. एका पत्त्यावर पत्र टाकले की ते यादीतल्या प्रत्येकाच्या घरी पोचते, जणू साऱ्या भावकीला एकच कार्ड. आणि एक प्रत दप्तरात राहते. पुण्यातल्या लिनक्सप्रेमींच्या 'पुणे लिनक्स युजर्स ग्रुप'चीही अशी यादी होती. शिवाय सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत त्यांच्या भेटी होत. भाच्याला सापडलेले पत्र अशाच एका दप्तरातले.

दुसरा प्रकार फोरमचा. हा गावचा पार. बोलणे तिथेच राहते, आपण उठून जायचे. मराठी माणसाला पार चांगला ठाऊक आहे. परदेशातल्या कुटुंबांनी १९९६पासून 'मायबोली'वर तो गाजवला.

नवख्याला पारच बरा वाटतो, हे कबूल केले पाहिजे. यादीत नाव घातले की रोज पत्रांचा ढीग येतो. वर, उत्तर मूळ पत्राच्या खाली लिहायचे की वर, यावरून जुनी खोंडे शिंगे उगारतात. माझ्या आतेभावाने असल्या यादीत पाऊलही ठेवले नसते. पारावर चुकीचे उत्तर दुरुस्त करता येते, भरकटलेली चर्चा वेगळी काढता येते, उद्धट माणसाला खाली बसवता येते. पायथन या संगणकीय भाषेच्या कर्त्यांनी २०२२मध्ये आपली मुख्य चर्चा यादीतून फोरमवर हलवली, ती उगाच नव्हे.

पण पार कोणाच्या तरी जागेत असतो. याहू ग्रुप्सचे उदाहरण घ्या. तिथे यादीही होती आणि दप्तरही, पण दप्तर मालकाच्या घरात. २०१९च्या डिसेंबरात साठवलेला मजकूर पुसायला सुरुवात झाली आणि २०२०च्या डिसेंबरात सारे बंद पडले. ज्यांच्या घरी पत्रे येऊन पडली होती, त्यांच्याकडे तेवढी राहिली. केवळ पारावर जाऊन वाचणाऱ्यांच्या हाती काही उरले नाही. म्हणून मी, वयाचा दोष समजा, पत्रांच्या बाजूचा. भाचा म्हणतो, "मामा, दोन्ही हवे. पारावर विचारावे, आणि उत्तर घरोघर जावे." काही नव्या फोरममध्ये ई-मेलनेही चर्चा चालते, असेही त्याने ऐकवले. मोबाइलच्या ग्रुपवर मात्र आमचे एकमत आहे. बाहेरच्याला तिथले काही शोधता येत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न नव्याने विचारला जातो.

अर्ध्या र साठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत केवढा फरक! एकाच्या पाया पडायचे, दुसऱ्याला पंगतीचा हिशेब विचारायचा. हे परदेशातल्या संगणकतज्ज्ञाला कोण सांगणार? आपल्याच कोणीतरी पत्र लिहून सांगावे लागते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८मध्ये. तोवर 'ॲसिड' नि 'ॲम्ब्युलन्स' लिहिताना जुगाड करावा लागे.

आतेभावाने त्या जुन्या पत्रलेखकाला आभाराचे चार शब्द पाठवले. पत्ता बंद पडला असल्याचे सांगत ते परत आले. आता त्याच्या कळफलकाशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'शिफ्ट धरून जे, मग डी, मग य.' परवा गेलो तेव्हा शेजारच्या दुकानातला मुलगा ती उतरवून घेत होता.