एजंटच्या वहीत उचंत खाते नसते

बँकेच्या हिशेबात ‘उचंत खाते’ नावाची एक सोय असते. रक्कम आली, परंतु ती कोणाच्या नावे जमा करावयाची हे निश्चित झाले नाही, तर ती तात्पुरती तेथे ठेवतात आणि खुलासा होताच योग्य खात्यात वळवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ‘एजंट’च्या वहीत अशी सोय मुळात नसते.

एजंट हा केवळ उत्तर देत नाही. सोपवलेले काम तो टप्प्याटप्प्याने पार पाडतो. संकेतस्थळे पाहतो, टिपणे करतो व त्यांच्या आधारे पुढे जातो. समजा, पाच लाख रुपयांच्या एक वर्षाच्या मुदत ठेवीसाठी त्यास निरनिराळ्या बँकांचे दर जमवावयास सांगितले. एका बँकेचे पान उघडलेच नाही. अशा वेळी ‘दर मिळाला नाही’ असे नोंदवण्याऐवजी तो अनुमानाने ७ टक्के हा आकडा भरू शकतो. कोष्टकात तो इतर आकड्यांच्या शेजारी, त्याच शाईत उमटतो. पुढील टप्प्यावर एजंट स्वतःचेच टिपण वाचतो. अनुमानाची खूण त्यात उरलेली नसते. सरळव्याजाने ३५,००० रुपये निघतात व शिफारस तयार होते. प्रत्यक्ष दर ६.५ टक्के असल्यास हाती ३२,५०० येतात. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्यास अडीच हजारांचा फरक लहान नव्हे.

याचे कारण प्रणालीच्या घडणीत आहे. आधीच्या मजकुरानंतर कोणता शब्द संभवतो, हे ओळखण्याचे शिक्षण तिला दिलेले असते. त्यामुळे वाचलेली गोष्ट आणि जुळवलेली गोष्ट ती सारख्याच ओघाने सांगते. शिवाय, ओपनएआयच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, प्रचलित चाचण्यांत ‘ठाऊक नाही’ या उत्तरास गुण मिळत नाहीत, अंदाज मात्र कधी कधी लागू पडतो. चुकीला गुण वजा होत नसतील, तर कोणता परीक्षार्थी जागा कोरी सोडेल?

न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातील एका विमानप्रवाशाच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने पुरवलेले निवाडे सादर केले. त्यांपैकी सहा अस्तित्वातच नव्हते. निवाडा खरा आहे काय, असे वकिलाने त्याच प्रणालीस विचारले होते. खरा आहे आणि नामांकित विधिसंग्रहांत सापडेल, असे उत्तर मिळाले. (साक्षीदारालाच न्यायासनावर बसवण्याचा हा प्रकार!) जून २०२३ मध्ये न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला.

तेव्हा ‘खात्री आहे ना?’ असे एजंटलाच विचारून फारसे साधत नाही. काम सोपवतानाच सांगावे, की प्रत्येक आकड्यापुढे पानाचा पत्ता व दिनांक लिहावा आणि जे वाचावयास मिळाले नाही ती जागा कोरी ठेवावी. दिलेल्या पत्त्यांपैकी दोन-तीन स्वतः उघडून पाहावेत, कारण पत्ताही कल्पित असू शकतो. कोऱ्या राहिलेल्या जागेसाठी शाखेत दूरध्वनी केला, की त्या दिवशीचा दर कळतो.