तबकडी वाचतां येईना, तर काय करावें?

रत्नागिरीस पावसाळ्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. कपाटांतील पुस्तकांप्रमाणें ताईच्या लग्नाच्या सीडीवरही मग बुरशी धरते. यंत्रांतील लेझरचा किरण तबकडीच्या पारदर्शक भागांतून, सुमारें १.२ मिलिमीटर, पलीकडे जाऊन चकचकीत थरावरून परततो. वाटेंत डाग आला कीं मजकूर हरवतो. अशा वेळीं मऊ, ओलसर सुती कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावें. गोल पुसूं नये. मजकूर गोल फिरणाऱ्या रेषेनेंच लिहिलेला असल्यानें त्या दिशेचा ओरखडा त्याचा सलग भाग खातो. छापील बाजूस तर अधिकच जपावें, कारण धातूचा पातळ थर तिच्याच लगत असतो. पुष्कळांस हें उलटें वाटतें.

पेनड्राइव्हची गोष्ट निराळी. त्याच्या टोकावरील मळ कोरड्या कापडानें पुसून तो दुसऱ्या खांचेंत, मग दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. संगणकानें 'फॉरमॅट करूं काय?' असें विचारल्यास, आंतील छायाचित्रें हवीं असतील तर होकार देऊं नये, असें आम्ही निक्षून सांगतों. जाणत्याकडून तीं आधीं उतरवून घ्यावीं. पुसलेली तबकडी एकदां चालली, कीं त्याच दिवशीं तिची नक्कल करावी; पुढच्या मृगापर्यंत थांबूं नये.