संगणकाच्या साहाय्याने खुणांच्या भाषेचे शिक्षण

हाक मारूनही जे मूल वळून पाहत नाही, त्यास 'मंद' ठरवून मागच्या ओळीत बसविण्याची चूक आपल्या हातून पुष्कळदा होते. वस्तुतः उणीव त्याच्या बुद्धीत नसते. त्याच्यापर्यंत भाषाच पोहोचलेली नसते. बालवयात भाषा मिळाली नाही, तर विचारांची वाढही अडते व ते नुकसान पुढे भरून काढणे फार कठीण जाते.

खुणांची भाषा म्हणजे मनास येतील तसे हातवारे नव्हेत. विल्यम स्टोको यांनी १९६० साली अमेरिकेतील कर्णबधिरांच्या भाषेचा अभ्यास करून दाखविले की, प्रत्येक खूण हाताची ठेवण, तिचे स्थान व हालचाल या घटकांनी बनते. भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचे व्याकरण आहे. तीत प्रश्नदर्शक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि चेहऱ्यावरील भाव हा अर्थाचाच भाग असतो.

पुस्तकातील चित्र स्थिर असते. त्यात हालचाल दिसत नाही. संगणकाचा खरा उपयोग येथेच आहे. चित्रफीत थांबविता येते, मंद गतीने चालविता येते व कितीही वेळा पुन्हा दाखविता येते. नवी दिल्ली येथे २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या चित्रफीतरूप शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते १०,००० झाले. २०२२ साली हा कोश 'साइन लर्न' या ॲपद्वारे मोबाइलवरही उपलब्ध झाला.

वर्गात पुढील क्रम ठेवावा :

१. पाठातील पाच-सहा शब्द निवडून त्यांच्या खुणा शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः शिकाव्यात. गावात इंटरनेटचा भरवसा नसल्यास चित्रफिती आधीच उतरवून ठेवाव्यात.

२. प्रथम प्रत्यक्ष वस्तू, मग खूण, त्यानंतर फळ्यावर लिहिलेला शब्द, असा क्रम असावा.

३. पडद्यावरील व्यक्ती समोर तोंड करून असल्याने तिचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो. मुले उलट अनुकरण करीत नाहीत ना, हे पाहावे.

४. मुलांच्या खुणांचे चित्रण करून ते मूळ चित्रफितीशेजारी दाखवावे. आपली चूक मूल आपणच शोधते.

५. खुणा सर्व वर्गाला शिकवाव्यात. एकट्यालाच भाषा आली, तर त्याने बोलावे कोणाशी?

तथापि संगणक खूण दाखवितो. मुलाशी संभाषण करीत नाही. शब्दांच्या यादीने भाषा येत नाही, ती माणसांच्या सहवासात येते. म्हणून परिसरात खुणांची भाषा जाणणारी प्रौढ कर्णबधिर व्यक्ती असल्यास तिला शाळेत सन्मानाने बोलवावे व पालकांनाही त्या वेळी बसवून घ्यावे. ज्या दिवशी ते मूल स्वतः होऊन शेजारच्या मुलास प्रश्न विचारील, त्या दिवशी आपले काम मार्गी लागले असे समजावे.