फेरे वाढतात, वेग का नाही?

स्की करणाऱ्याला ओढणारी इनबोर्ड बोट उचल घेत नाही. दोर धरलेला माणूस मागे पाण्यातच. ‘इंजिन गेलं’, असं आपण लगेच म्हणतो ना? थांबा. आधी दोन काटे सोबत वाचू: इंजिनाचे फेरे आणि बोटीचा वेग.

फेरे चढतात, वेग नाही. म्हणजे ताकद वाटेत हरवतेय. गिअरबॉक्समधला क्लच घसरतोय, नाहीतर पंख्याची पाती वाकलीत. फेरेच चढत नसतील, तर इंजिनाला इंधन किंवा ठिणगी कमी पडतेय, किंवा तळात पाणी साचून ओझं वाढलंय.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये मांडलेली व्यतिरेक पद्धती इथे आठवू: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंखा आणि क्लच एकदमच बदलले, तर बोट धावेलही. पण दोष कुठे होता, हे आपल्याला कळणार नाही.